आठ मिलिमीटरवरची नोकरी

[दृश्य : वागळे इस्टेट, ठाणे. लेथवर फिरणारी धातूची कांडी.]

वागळे इस्टेटमध्ये आता काचेच्या इमारती वाढल्यात, पण आतल्या गल्ल्यांमध्ये लेथ अजून फिरतात. इथल्या एखाद्या जुन्या टर्नरच्या हातात डार्टचा, म्हणजे भिंतीवरच्या बोर्डावर नेम धरून फेकायच्या छोट्या बाणाचा, मधला भाग ठेवलात, तर तो आधी नर्लिंग बघेल. बोटं घसरू नयेत म्हणून पाडलेल्या त्या बारीक रेघा. मग कांडी तळहातावर तोलून विचारेल, एवढीशी वस्तू आणि इतकी जड?

टंगस्टन आहे म्हणून. टंगस्टनची पूड निकेलसारख्या धातूबरोबर दाबायची, भट्टीत घट्ट करायची आणि मग लेथवर घ्यायची. पूर्वी डार्ट पितळेचे असायचे, जाडजूड. १९७०च्या दशकात टंगस्टन आलं आणि तेवढ्याच वजनाची कांडी बारीक झाली. तीन डार्ट एकमेकांना न ढकलता एकाच चिंचोळ्या खणात मावायला लागले.

चिंचोळा म्हणजे किती? आठ मिलिमीटर.

[दृश्य : बोर्ड, अगदी जवळून. लाल पट्टी.]

ही विसाच्या घरातली ट्रेबलची, म्हणजे तिप्पट गुणांची पट्टी. इथे डार्ट लागला की साठ. तिन्ही लागले की एकशे ऐंशी. जरा डावीकडे गेला तर पाच, जरा उजवीकडे गेला तर एक. ज्याने कोणी हे आकडे असे मांडले, त्याने लोभी माणसाचा पुरता बंदोबस्त करून ठेवलाय.

बोर्ड घायपाताच्या धाग्याचा. धागे घट्ट दाबून उभे बसवलेले असतात, त्यामुळे डार्ट उपसला की भोक पुन्हा मिटतं. बोर्डाचा मध्य जमिनीपासून १.७३ मीटरवर. खेळाडूची रेघ बोर्डापासून २.३७ मीटरवर. एवढी जागा कळव्या-खारेगावच्या वन रूम किचनमध्येही निघते. प्रश्न येतो तो पोट भरण्याचा.

[दृश्य : मंडळाची खोली. कॅरम बोर्डावर लोंबणारा दिवा.]

आपल्याकडे हाताला नेम असलेला पोरगा कॅरमकडे जातो. चांगला खेळायला लागला, जिल्ह्याच्या स्पर्धेत नाव आलं, की घरातून पहिला प्रश्न येतो : यावर नोकरी लागते का? पूर्वी तर हमखास लागायची. बँका, आयुर्विमा, पेट्रोलियम कंपन्या, सगळ्यांचे कॅरम संघ. विश्वविजेता प्रशांत मोरे रिझर्व्ह बँकेकडून खेळला. म्हणजे खेळाच्या बळावर नोकरी मिळवायची आणि नोकरीच्या आधारावर खेळत राहायचं. यात कमीपणा काही नाही. महिन्याच्या पगाराने आपल्याकडचे कितीतरी खेळाडू टिकवले.

आज ज्याची गोष्ट सांगायची आहे, त्याच्यापुढे मात्र अट नेमकी उलटी होती. खेळायचं असेल तर नोकरी सोड.

[दृश्य : इंग्लंडचा नकाशा. स्टोक-ऑन-ट्रेंट.]

फिल टेलर. जन्म १३ ऑगस्ट १९६०, स्टोक-ऑन-ट्रेंट. हे गाव चिनीमातीच्या भांड्यांचं. टेलर तिथल्या एका कारखान्यात चिनीमातीच्या मुठी बनवायचा. कसल्या, तर संडासातल्या कागदाच्या गुंडाळीला लावायच्या. आठवड्याला ५२ पौंड पगार. बायको, मुलं, आणि संध्याकाळी पबमध्ये डार्ट्स. पंचविशी ओलांडेपर्यंत त्याचं नाव गावाबाहेर कुणाला माहीत नव्हतं.

त्याच भागात एरिक ब्रिस्टोचा पब होता. ब्रिस्टो म्हणजे त्या काळचा या खेळातला राजा. १९८० ते १९८६ या काळात पाच वेळा विश्वविजेता. तोंडाने फटकळ, चालण्यात माज, आणि हातात डार्ट धरताना करंगळी वर. पण १९८७पासून त्याला एक विचित्र दुखणं जडलं. डार्ट बोटांतून सुटेना. हात पुढे जातो, बोटं उघडतच नाहीत. डार्ट्सच्या जगात याला डार्टायटिस म्हणतात. गोळी नाही, शस्त्रक्रिया नाही. खांदा शाबूत, डोळा शाबूत, आणि तरीही माणूस रेघेवर गोठून उभा.

याच ब्रिस्टोने टेलरमध्ये काहीतरी पाहिलं आणि त्याच्यावर दहा हजार पौंड लावले. अट एकच, कारखाना सोडायचा आणि दिवसभर डार्ट्सच खेळायचे. आठवड्याला ५२ पौंडाने हिशेब करून बघा. जवळपास पावणेचार वर्षांचा पगार होतो. घरात लहान मुलं असताना असा पैसा घेणं म्हणजे छातीवर दगड ठेवूनच घ्यावा लागतो. टेलरने घेतला.

[दृश्य : काळा पडदा. अक्षरं उमटतात : १९९०.]

१९९०च्या जागतिक स्पर्धेत टेलर मानांकनाशिवाय उतरला. सट्टेवाल्यांकडे त्याच्यावर भाव होता एकास सव्वाशे. एकेक गडी बाद करत तो अंतिम फेरीत पोचला. समोर कोण? एरिक ब्रिस्टो. ज्याच्या पैशावर घर चाललं होतं, तोच.

निकाल, ६–१. टेलर विश्वविजेता.

इथे भावुक व्हायची सोय आहे, पण मला या निकालात वेगळंच काही दिसतं. ब्रिस्टोने पैसे दिले नसते तर त्या दिवशी त्याच्यासमोर दुसरा कोणीतरी असता, आणि कदाचित ब्रिस्टोकडे सहा विजेतेपदं झाली असती. आपला पराभव त्याने स्वतःच्या खिशातून विकत घेतला. त्यानंतर ब्रिस्टो ती स्पर्धा पुन्हा कधीच जिंकला नाही.

[दृश्य : घोडबंदर रोडवरच्या एका गृहसंकुलाचं क्लब हाऊस. दोन तरुण, भिंतीवर बोर्ड, शेजारी फळ्यावर गुण.]

आता थोडं गणित. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सुरुवात ५०१पासून. टाकलेले गुण वजा होत जातात. अचूक शून्यावर यायचं, आणि शेवटचा डार्ट बोर्डाच्या बाहेरच्या कड्यात, म्हणजे डबलमध्ये लागला पाहिजे. तेही कडं आठच मिलिमीटरचं. बत्तीस उरले की डबल सोळा. तो चुकून आतल्या साध्या सोळात पडला तर सोळा उरतात, म्हणजे डबल आठ. पुन्हा तसाच चुकला तर आठ, म्हणजे डबल चार. मग डबल दोन, मग डबल एक. बत्तीस हा आकडा चुकणाऱ्याला सांभाळून घेतो, म्हणून जाणकार मुद्दाम बत्तीसवर येऊन थांबतात. उलट एकोणीस डोक्यावर उरले, तर आधी एक डार्ट विषम आकड्यावर खर्च करावाच लागतो.

क्लब हाऊसमधली ही मुलं मोबाईलवर गुण मोजत नाहीत. वाणसामानाच्या यादीसारखी तोंडी बेरीज चालते. व्यावसायिक खेळाडूला १७०पर्यंतच्या बहुतेक आकड्यांचे मार्ग पाठ असतात. १७० हा तीन डार्टमध्ये संपवता येणारा सर्वात मोठा आकडा : साठ, साठ, आणि मधला बुल पन्नास. बुलही डबलच धरला जातो.

[दृश्य : बोर्डाचं डबल. एक डार्ट तारेला लागून खाली पडतो.]

डबल काय करू शकतो ते १९९२ साली दिसलं. अंतिम फेरी, टेलर विरुद्ध माइक ग्रेगरी. पाच-पाच सेट. शेवटचा सेटही इतका ताणला गेला की एकाच निर्णायक लेगवर, म्हणजे ५०१च्या एका डावावर, सगळं आलं. त्या लढतीत ग्रेगरीला विजेतेपदासाठी डबलवर सहा डार्ट मिळाले. सहाही चुकले. टेलर जिंकला. ग्रेगरीच्या नावावर जागतिक विजेतेपद कधीच लागलं नाही. टेलरच्या नावावर शेवटी सोळा लागली.

टेलरच्या गुणवत्तेवर यातून डाग पाडायचा नाहीये. पण या खेळातली कारकीर्द किती बारीक तारेवर लटकते, ते ग्रेगरीचं नाव घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

[दृश्य : बंद पडलेला जुना टीव्ही.]

खेळाडूंची खरी पंचाईत वेगळीच होती. १९८०च्या दशकाअखेर ब्रिटनमधल्या वाहिन्यांनी डार्ट्स दाखवणं जवळपास बंद केलं. पोट सुटलेली माणसं, हातात बियरचा ग्लास, धुराने भरलेलं सभागृह. प्रायोजकांना हे चित्र नको झालं. टीव्ही गेला, पाठोपाठ पैसा गेला. मग १९९२–९३मध्ये आघाडीचे सोळा खेळाडू जुन्या संघटनेतून फुटले आणि त्यांनी स्वतःचं दुकान मांडलं. भांडण कोर्टात गेलं आणि १९९७मध्ये मिटलं. त्याच दुकानाची आज पीडीसी, म्हणजे प्रोफेशनल डार्ट्स कॉर्पोरेशन, झाली आहे, आणि जुनी संघटना २०२०मध्ये बुडाली.

नव्या संघटनेची पहिली जागतिक स्पर्धा १९९४ची. टेलर अंतिम फेरीत डेनिस प्रिस्टलीकडून हरला. पुढच्या वर्षी जिंकला. आणि मग १९९५ ते २००२, सलग आठ वर्षं, दुसऱ्या कोणाला करंडक मिळालाच नाही. तुमच्या गल्लीतली दहीहंडी सलग आठ वर्षं एकाच पथकाने फोडली तर नवव्या वर्षी बघायला कोण येईल? डार्ट्सला मात्र लोक येत राहिले. याला कधी कोण हरवतो, तेवढं बघायला.

२००३मध्ये कॅनडाच्या जॉन पार्टने हरवलं, ७–६. २००७मध्ये नेदरलँड्सच्या रेमंड व्हॅन बार्नेव्हेल्डने, तेही ७–६, अगदी शेवटच्या लेगवर. बार्नेव्हेल्ड आधी हेग शहरात पोस्टमन होता.

टेलरच्या नावावर केवळ गौरव आहे असंही नाही. ब्रिटिश सरकारने त्याला जाहीर केलेला सन्मान २००१मध्ये मागे घेतला, कारण दोन महिलांशी केलेल्या गैरवर्तनाच्या खटल्यात तो दोषी ठरला होता. त्याच्या कौतुकाच्या व्हिडिओंमध्ये हे सहसा गाळलं जातं.

खेळात मात्र तो पन्नाशीकडे झुकतानाही थांबला नाही. २०१०च्या डार्ट्सच्या प्रीमियर लीगच्या अंतिम सामन्यात, जेम्स वेडविरुद्ध, त्याने एकाच लढतीत दोनदा नऊ डार्टमध्ये ५०१ संपवले. याचा नेहमीचा मार्ग असा : दोन वेळा १८०, उरले १४१. ते तीन डार्टमध्ये. याहून कमी डार्ट लागूच शकत नाहीत.

[दृश्य : लंडन, अलेक्झांड्रा पॅलेस. गर्दी.]

१ जानेवारी २०१८. टेलर ५७ वर्षांचा, आधीच जाहीर केलेला निरोपाचा सामना, आणि तोही जागतिक अंतिम फेरी. समोर रॉब क्रॉस, ज्याची व्यावसायिक खेळाडू म्हणून ही पहिलीच जागतिक स्पर्धा. त्याआधी तो इलेक्ट्रिशियन होता. क्रॉस जिंकला, ७–२.

पोस्टमन, इलेक्ट्रिशियन, चिनीमातीचा कामगार. आणि फॅलन शेरॉक, जिने डिसेंबर २०१९मध्ये या स्पर्धेत पुरुषाला हरवणारी पहिली महिला म्हणून इतिहास घडवला, ती घरोघरी जाऊन केस कापायची. या खेळात अकादमीतून घडवून आणलेली माणसं उशिरा आली. ल्यूक लिटलर त्या नव्या पिढीचा. लहान वयापासून बोर्डासमोर, सतराव्या वर्षी विश्वविजेता.

[दृश्य : पुन्हा ठाणे. क्लब हाऊस.]

मग या मुलांपैकी कोणाला हाच धंदा करायचा असेल तर?

तिकडची पद्धत अशी. जगात १२८ जणांकडे टूर कार्ड असतं, दोन वर्षांसाठी. क्रमवारी गुणांवर ठरत नाही, मागच्या दोन वर्षांत कमावलेल्या बक्षिसाच्या रकमेवर ठरते. ती दोन वर्षं संपताना पहिल्या ६४ जणांत असाल तर कार्ड टिकतं. बाकीच्यांना जानेवारीत क्यू-स्कूल नावाच्या चाळणीतून जावं लागतं. ती भरते इंग्लंडमधल्या मिल्टन किन्सला आणि जर्मनीतल्या काल्करला.

दुसरं दार भारतातून उघडतं, जागतिक स्पर्धेच्या भारतीय पात्रता फेरीतून. त्या दाराने नितीन कुमार अनेकदा आत गेला आणि पहिल्याच फेरीत हरून परतला. डिसेंबर २०२५मध्ये त्याने नेदरलँड्सच्या रिचर्ड वेन्स्ट्राला ३–२ असं हरवलं. त्या स्पर्धेत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय.

त्या वर्षी विजेत्याला दहा लाख पौंड होते. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५ हजार, दुसऱ्या फेरीत हरणाऱ्याला २५ हजार. मधला फरक दहा हजारांचा. ब्रिस्टोने टेलरवर लावले होते तेवढेच. तेव्हाच्या दहा हजारांची किंमत कितीतरी जास्त होती हे खरं, पण एका माणसाला वर्ष-दोन वर्षं दुसरं काही न करता सराव करू द्यायचा, तर आजही कोणाला तरी अशीच रक्कम आधी काढून ठेवावी लागते.

बँकेतला कॅरमपटू राष्ट्रीय स्पर्धेला गेला तर त्याचा पगार चालू राहतो. टूर कार्डवाला खेळाडू वर्षभर इंग्लंड आणि जर्मनीतल्या प्रेक्षक नसलेल्या हॉलमध्ये प्लेयर्स चॅम्पियनशिप नावाच्या एकेका दिवसाच्या स्पर्धा खेळत असतो. विमान, हॉटेल, जेवण, सगळं स्वतःचं. सकाळच्या पहिल्या सामन्यात हरला तर बक्षीस शून्य, आणि दुसऱ्या दिवशीच्या स्पर्धेसाठी हॉटेलची आणखी एक रात्र.