दहाव्या मजल्यावरची खिडकी

नमस्कार श्रोतेहो. दक्षिण आफ्रिकेतली वर्णद्वेषी राजवट संपल्यावर डेस्मंड टुटूंच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि सलोखा आयोग बसला, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. सौदा रोखठोक होता. राजकीय हेतूनं केलेला गुन्हा काही न लपवता कबूल करा आणि माफी घ्या. आयोगाचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण जे कबुली द्यायला फिरकलेच नाहीत, त्यांचं काय?

अहमद तिमोल हा २९ वर्षांचा शिक्षक, घराणं गुजरातेतून तिकडे गेलेलं. ऑक्टोबर १९७१ मध्ये तो नाकाबंदीत सापडला आणि काही दिवसांतच जोहान्सबर्गच्या जॉन व्होर्स्टर स्क्वेअर या पोलीस इमारतीच्या दहाव्या मजल्यावरून पडून मेला. उडी मारली, असं पोलीस म्हणाले. १९७२ साली दंडाधिकाऱ्यानंही तेच मान्य केलं: आत्महत्या, दोषी कोणी नाही. १९९६ मध्ये त्याची आई हवा तिमोल आयोगापुढे बोलली. पोरगा कसा गेला, एवढंच तिला कळायला हवं होतं. उत्तर न मिळताच तीही गेली.

मग अहमदचा भाचा इम्तियाझ काजी हात धुऊन मागे लागला आणि २०१७ मध्ये चौकशी पुन्हा उघडली. आता खरं नाट्य ऐका. साक्षीला आला जोआव रॉड्रिग्ज, पोलीस खात्यातला म्हातारा कारकून. म्हणे, पगाराच्या चिठ्ठ्या द्यायला गेलो होतो, खोलीत तिमोलपाशी एकटाच होतो, तेवढ्यात त्यानं खिडकीतून उडी घेतली. न्यायवैद्यक डॉक्टरांनी जबड्याच्या आणि कवटीच्या इजा दाखवल्या. त्या पडण्याआधीच्या होत्या. असा माणूस खिडकीपर्यंत धावणार कसा? तिमोलबरोबर त्याच गाडीत पकडला गेलेला सलीम एसॉप जिवंत होता. आपला कसा छळ झाला, ते त्यानं भर कोर्टात सांगितलं.

न्यायमूर्ती बिली मोत्ले यांनी निकाल दिला: आत्महत्या नव्हे, खून. प्रत्यक्ष छळणारे अधिकारी तोवर मरून गेले होते. २०१८ मध्ये रॉड्रिग्जवर आरोप ठेवला गेला. खटला कायमचा थांबवा, म्हणून तो एकेक कोर्ट चढत गेला, हरत गेला. माझ्या मते खरा दोष त्याच्याही वर बसलेल्यांचा. माफी न मागितलेल्यांची किंवा ती न मिळालेल्यांची सुमारे तीनशे प्रकरणं आयोगानं सरकारी वकिलांकडे सोपवली होती, आणि लोकशाही सरकारच्या काळात ती वर्षानुवर्षं पडून राहिली. खटला उभा राहण्याआधीच, सप्टेंबर २०२१ मध्ये, रॉड्रिग्ज वारला.