आरती म्हणता येते, मग पाणी का मागता येत नाही?

नमस्कार श्रोतेहो.

आज २९ ऑक्टोबर, जागतिक पक्षाघात दिन. या दिवशी दरवर्षी लक्षणं सांगितली जातात. तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, बोलणं अडखळलं, तर वेळ बघून ठेवा आणि १०८ ला फोन करा. बरोबरच आहे ते. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे आता पुष्कळ घरांत ठाऊक झालं आहे. मला आज त्याच्या पुढचं बोलायचं आहे. माणूस वाचला, गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी इस्पितळातून घरी आला, हातपाय थोडे हलायला लागले, पण बोलणं काही आलं नाही. त्या घरातल्या माणसांशी मला बोलायचं आहे.

पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांची भाषा बिघडते. डॉक्टर त्याला अफेजिया म्हणतात, आपण वाचाघात म्हणू. कान शाबूत असतात, जीभही पुष्कळदा शाबूत असते. मेंदूत शब्द शोधून जुळवणारी जी जागा असते, बहुतेकांच्या डाव्या बाजूला, तिला इजा झालेली असते. शब्द सापडत नाही, पण काय सांगायचं आहे ते माणसाला ठाऊक असतं. वाचा गेली म्हणजे बुद्धी गेली, असं समजू नका. हे वाक्य मी आज पुन्हा म्हणणार आहे. स्पीच थेरपिस्ट म्हणून ज्या घरांत मी जाते, तिथे नेमकं हेच सर्वांत आधी विसरलेलं असतं.

आता भाईंची गोष्ट सांगते. बोलायला कुठेही बोलावलं तरी मी हीच गोष्ट सांगते, कारण मला जे म्हणायचं आहे ते सगळं तिच्यात आहे.

फोंडा तालुक्यात माझं माहेर. तिथल्या वाड्यावर भाईंचं भुसारी दुकान. गावात सगळे त्यांना भाईच म्हणतात, तेच नाव इथे पुरे. उधारी तोंडपाठ, गिऱ्हाइकांच्या तीन पिढ्या तोंडपाठ, आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आरतीत शामेळ हे तालवाद्य वाजवावं तर भाईंनीच. घरात कोंकणी बोलणार, वर्तमानपत्र मराठी वाचणार, भजन-आरती मराठीत. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असंच असेल.

पावसाळा नुकता सुरू झाला होता. सकाळी चहा घेताना भाईंच्या उजव्या हातातून कप निसटला. घरच्यांना वाटलं पित्त झालं, चक्कर आली. लिंबूपाणी झालं, पाठीला तेल चोळून झालं, आणि इस्पितळात पोचेपर्यंत दुपार उलटून गेली. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालू लागले, आणि तोंडात एकच शब्द उरला. ‘तेंच’, म्हणजे तेच.

भूक लागली, तेंच. लघवीला जायचंय, तेंच. नातू शाळेतून आला, तेंच. प्रत्येक ‘तेंच’चा सूर मात्र वेगळा असायचा. वहिनी, म्हणजे भाईंची बायको, ते सूर ओळखायला शिकल्या. १८६१ मध्ये पॅरिसला पॉल ब्रोका या डॉक्टरांनी ज्या रुग्णावरून मेंदूतली बोलण्याची जागा दाखवून दिली, त्याच्याही तोंडात असाच एकच उच्चार उरला होता, ‘तां’. त्यालाही समोरच्याचं बोलणं बरंचसं समजत होतं. भाईंनाही समजत होतं. तरी भेटायला येणारी माणसं भाईंच्या समोर बसून वहिनींना विचारायची, ‘भाई जेवतात मू?’ कुणी बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलायचे. हळूहळू भाईंनी माणसांकडे बघणंच सोडलं.

मग चवथ आली. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधून झाली, पण घरात कुजबूज होती की यंदा आरती थोडक्यात आटपावी, भाईंना त्रास नको. वहिनी म्हणाल्या, ‘सदांसारकीच जांव दी.’ नेहमीसारखीच होऊ दे. संध्याकाळी वाड्यावरची मुलं घुमटं, शामेळ, कासाळं म्हणजे झांजा घेऊन आली.

इथे जरा थांबून सांगते. घुमट म्हणजे मातीचं मडकं. त्याच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचं कातडं ताणत, त्यावर बंदी आली, आता बकऱ्याचं लावतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला. फार चांगलं झालं. पण मान दिला आणि घराघरांतून आरती मोबाइलवर वाजायला लागली, तर त्या मानाचा उपयोग काय? स्पीकरवरची आरती ऐकायची असते, घुमटाची आरती म्हणायची असते. लहान मुलांच्या हातात घुमट द्या, चुकू द्या त्यांना. माझं हे मत पक्कं आहे आणि ते का, ते पुढच्या गोष्टीतच आहे.

आरती सुरू झाली. भाई खुर्चीत. पहिलं कडवं संपेपर्यंत नुसते बघत होते. दुसऱ्या कडव्याला डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर पडायला लागली, ठेक्यात. मग ओठ हलले. मग घोगरा आवाज आला, आणि पाठोपाठ शब्द. अख्खी ओळ, तिच्यामागून दुसरी ओळ. आपल्या आरत्यांत ते लांबलचक जोडशब्द असतात ना, चांगल्या बोलत्या माणसाची जीभ अडखळावी असे, तेही सगळे स्पष्ट. मुलं इतकी चकित झाली की त्यांचे हात थांबले. आणि घुमट थांबलं तसे भाईही थांबले, अर्ध्या शब्दावर. कुणीतरी ओरडलं, ‘वाजयात रे!’ घुमट पुन्हा वाजू लागलं, आणि भाई जिथे थांबले होते तिथून पुढे म्हणू लागले.

घर आनंदाने भरून गेलं. देव पावला, वाचा आली! मुलगा धावत तांब्या-पेला घेऊन आला. ‘बाबा, उदक जाय?’ पाणी हवं?

भाईंनी त्याच्याकडे बघितलं. तोंड उघडलं, पुष्कळ प्रयत्न केला. आणि म्हणाले, ‘तेंच.’

श्रोतेहो, खरी गोष्ट इथून पुढे आहे. दोन दिवसांत घरातला आनंद मावळला आणि त्याची जागा संशयाने घेतली. आरती म्हणता येते, तर पाणी मागता का येत नाही? मनावरच घेत नाहीत. हट्टी आधीपासूनच आहेत. कुणी त्यांच्यासमोर उभं राहून दटावू लागलं, ‘आरतीसारखं बोला, बोला!’ भाई तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसायचे. मी भेटायला गेले तेव्हा वहिनींनी मला ओसरीवर बोलावून हाच प्रश्न विचारला, हलक्या आवाजात, भाईंना ऐकू जाऊ नये म्हणून. मी म्हटलं, वहिनी, आत चला, भाईंच्या समोर सांगते. त्यांनाही ते कळायला हवं.

मी सांगितलं ते असं. आरती आपण जुळवून म्हणत नाही. ती लहानपणापासून एकसंध मुरलेली असते, एक शब्द पुढच्याला ओढून आणतो. एक ते दहा आकडे, वारांची नावं, देवाचं नाव, रागाच्या भरात सुटणारी शिवी, हे सगळं त्याच जातीचं. ‘मला पाणी दे’ हे वाक्य मात्र माणसाला दर वेळी नव्याने बांधावं लागतं. इंग्लंडमधले ह्यूलिंग्ज जॅक्सन या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच हा फरक मांडून ठेवला होता. आपोआप येणारं बोलणं वेगळं आणि हेतूने केलेलं बोलणं वेगळं. पहिलं वाचलं म्हणून दुसरंही वाचलं असेल, असं धरता येत नाही. भाई हट्ट करत नव्हते. मी हे बोलत होते तेव्हा भाईंनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि मान हलवत राहिले.

याची नोंद फार जुनी आहे. स्वीडनच्या विज्ञान अकादमीत १७४५ साली ओलोफ डालिन यांनी अशाच एका माणसाबद्दल लिहिलं होतं. उजवी बाजू गेलेली, बोलता येईना, पण आजारापूर्वी शिकलेली भक्तिगीतं म्हणता येत. पुढे १९७३ मध्ये बॉस्टनच्या आल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म या संशोधकांनी त्यातून उपचाराची पद्धत बसवली. रोजचं छोटं वाक्य घ्यायचं, ते दोन सुरांत लांबवून म्हणायचं, प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने ठेका द्यायचा. आधी थेरपिस्टबरोबर, मग थेरपिस्टच्या मागून, मग एकट्याने, आणि हळूहळू सूर काढून घेऊन साध्या बोलण्यावर यायचं. त्यांची कल्पना अशी होती की डाव्या मेंदूचा पूल खचला तर उजव्या मेंदूच्या फेरीबोटीने पलीकडे जाता येईल.

पण सगळं काम सुरांचंच असतं का? लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत बेंजामिन श्टाल आणि सहकाऱ्यांनी १७ रुग्णांकडून तेच शब्द गाऊन घेतले आणि नुसते ठेक्यात बोलूनही घेतले. २०११ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला की गाण्याने ठेक्यापेक्षा जास्त फायदा झाला नाही. मदत होत होती ती ठेक्याची, आणि शब्द पाठ असण्याची. मी हा निबंध वाचला तेव्हा मला घुमट थांबल्यावर थांबलेले भाई आठवले.

तर आम्ही भाईंबरोबर ठेक्याने सुरुवात केली. आरतीने नाही, हे लक्षात घ्या, आरतीने नाही. आरती कितीही म्हटली तरी आरतीच सुधारते. वाक्य घेतलं ‘उदक जाय’. कोंकणीतच घेतलं, कारण पाणी ते आयुष्यभर कोंकणीतच मागत आले. एकाहून जास्त भाषा येणाऱ्या माणसाची कुठली भाषा आधी परत येईल, यावर फ्रान्सच्या पित्र यांनी १८९५ मध्ये म्हटलं होतं की आजारापूर्वी जी सर्वांत जास्त वापरात होती ती. नंतर दिसलं की बहुतेकांच्या भाषा बरोबरीनेच सुधारतात. म्हणून आपल्या गोव्यात उपचार सुरू करताना घरच्यांनी आधी सांगावं, हे जेवताना कुठल्या भाषेत बोलायचे, देवापुढे कुठल्या, आणि दुकानात कुठल्या.

सराव चालायचा बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बैठकीच्या ओसरीत. रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस हाक मारायचा आणि भाईंना उत्तर द्यावंसं वाटायचं. मला राहवत नाही म्हणून बोलते. नवीन घरांत बाल्कांव बांधत नाहीत, आणि फ्लॅटमध्ये तर प्रश्नच नाही. आजारी माणूस आतल्या खोलीत, समोर टीव्ही. दिवसभर त्याच्याशी कुणी बोलत नाही, टीव्ही तेवढा बोलत असतो. वास्तुशांतीला लाखो रुपये घालतो आपण, पण चार माणसं येताजाता बसतील अशी दोन सोपे, म्हणजे बसायचे कट्टे, असलेली जागा ठेवत नाही. असो.

दिवाळी झाली, थंडी पडली, तेव्हा कधीतरी एका दुपारी भाईंनी कुणी न विचारता, ठेका न धरता म्हटलं, ‘उदक जाय.’ वहिनींनी मला फोन केला तो रडत. त्यानंतर ‘चल’, ‘बस’, नातवाचं नाव. आणि एक दिवस जेवताना हुमण, म्हणजे माशाची आमटी, तोंडात घालून, ‘मीठ ना!’ हे वाक्य आम्ही शिकवलं नव्हतं. ते त्यांनी स्वतः बांधलं होतं. आजही भाई दोन-तीन शब्दांतच बोलतात, पूर्वीसारखं बोलणं आलेलं नाही. पण संध्याकाळी दुकानात बसतात आणि गिऱ्हाइकाची उधारी किती ते बोटांनी आणि शब्दांनी सांगतात.

आता थोडक्यात दोन अभ्यास. पुष्कळ घरांत सांगितलं जातं की सहा महिन्यांत जे आलं ते आलं, पुढे काही नाही. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, हे खरं. पण पुढे काहीच होत नाही, हे खरं नाही. जर्मनीत १९ केंद्रांवर १५६ जणांचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. सगळ्यांना पक्षाघात होऊन सहा महिने तरी उलटले होते. आठवड्याला किमान दहा तास, असे तीन आठवडे वाचा-उपचार दिले, आणि रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. जे नुसते वाट बघत थांबले होते त्यांचं तेवढ्या काळात सुधारलं नाही, नंतर उपचार मिळाल्यावर सुधारलं. तेव्हा पुन्हा सांगते, सहा महिने उलटले म्हणून दार बंद झालेलं नाही. पण आठवड्यातून एकदा अर्धा तास, एवढ्यावर भागतही नाही.

दुसरा अभ्यास आपल्या देशातला. १४ इस्पितळं, १,२५० रुग्ण, तोही २०१७ चा. घरच्या माणसालाच व्यायाम शिकवला तर रुग्णाचं परावलंबन कमी होईल का, हे बघितलं. सहा महिन्यांनी, घरच्यांना शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या अशा दोन्ही गटांत दगावलेले किंवा परावलंबी असलेले ४७ टक्केच होते, फरक पडला नाही. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. घरच्यांचं प्रेम लागतंच. पण बायकोने आणि सुनेने सगळं करावं आणि सुधारणा झाली नाही तर त्यांच्याच कष्टांना दोष द्यावा, हे चालणार नाही. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी इस्पितळात रोज बसणारा स्पीच थेरपिस्ट हवा. गोव्याच्या दोन टोकांच्या, पेडण्याच्या किंवा काणकोणच्या माणसाने लुळा पाय घेऊन दर वेळी बांबोळी गाठायची, ही अपेक्षाच चूक आहे.

घरी काय कराल? माणसासमोर बसा, त्यांच्याकडे बघून बोला, टीव्ही बंद करा. वाक्य छोटं ठेवा, आवाज चढवू नका. ‘हो’ किंवा ‘नाही’मध्ये उत्तर देता येईल असं विचारा, आणि उत्तराला वेळ द्या. शब्द तुमच्या जिभेवर आला तरी लगेच पुरवू नका. चित्र, खूण, बोट, लिहिणं, सगळं चालतं. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी तिसऱ्या माणसाशी बोलू नका. वाचा गेली म्हणजे बुद्धी गेली असं समजू नका.

आणि ज्यांच्या घरी असं माणूस वर्ष-दोन वर्षं गप्प बसलेलं आहे, त्यांनी कपाटातलं डिस्चार्ज कार्ड आणि स्कॅनचं पाकीट बाहेर काढावं, आपल्या डॉक्टरांकडे जावं आणि स्पीच थेरपिस्टसाठी चिठ्ठी मागावी. चष्मा लागत असेल, कानाला यंत्र लागत असेल, तर तेही बरोबर न्या. रोज लागणाऱ्या दहा शब्दांची यादी घरूनच करून न्या, त्यांच्या स्वतःच्या भाषेत. नमस्कार.