पणजोबा सापडले ते पणजीच्या कागदांत

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘घराण्यातल्या मृत्यूच्या नोंदी कशा शोधाव्यात’. त्यावर मी बोलणार आहेच. पण आधी ही वस्तू मागच्या ओळीपर्यंत फिरू द्या. जड आहे, दोन हातांनी धरा.

ही काशाची चकती आमच्या घरी तांब्यावरचं झाकण होती. माझ्या लहानपणी देवघरापुढच्या तांब्यावर हीच असायची. अर्धी वीत रुंद, त्रिशूळ घेतलेली बाई, पायाशी सिंह, कडेला इंग्रजी अक्षरं. आजी तिला ‘सिंहाचं झाकण’ म्हणायची आणि चिंचेनं घासायची, म्हणून सिंहाचं नाक आता उरलेलं नाही. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येक शिपायाच्या घरी सरकारनं ही चकती पाठवली होती, हे मला चाळिशीत कळलं. चौकटीत पणजोबांचं नाव आहे. हुद्दा नाही, पलटण नाही, नंबर नाही. मरणात सगळे सारखे म्हणून हुद्दा मुद्दामच गाळला होता. शोधणाऱ्याची मात्र तिथंच अडचण होते.

नंबर होता तो लढाईबद्दल मिळालेल्या चांदीच्या मेडलच्या कडेवर. बारीक ठशांत नंबर, नाव, पलटण असं सगळं कोरलेलं असायचं. ते मेडल पणजीनं एका पडत्या वर्षी सोनाराकडे दिलं आणि दाणे आणले. तिनं योग्य तेच केलं. घरात खाणारी तोंडं होती.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगतो. पणजोबा ‘बसऱ्याच्या लढाईवर’ गेले, इराकमधल्या कूत गावाच्या वेढ्यात अडकले, घोड्याचं मांस खायचं नाही म्हणून उपाशी राहिले आणि गेले. हे मी शंभर वेळा ऐकलंय. वेढा खराच होता. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, १४७ दिवस. आत जनरल टाउनशेंडची सहावी पूना डिव्हिजन होती आणि तिच्यात आपल्या तीन पलटणी, १०३, ११० आणि ११७ मराठा. आपल्या शिपायांनी कितीतरी दिवस घोड्याच्या मांसाला हात लावला नाही, हेही खरं.

तिथी माहीत नाही म्हणून आमच्याकडे त्यांचं श्राद्ध सर्वपित्रीला व्हायचं. थोरल्या काकांना ते कधीच पटलं नाही. ते म्हणायचे, शिपाई माणूस, शस्त्रानं गेला असेल तर घातचतुर्दशी धरायला हवी. आजी म्हणायची, भुकेनं गेले, अमावास्याच बरोबर. दर भाद्रपदात हा वाद. हसू नका, तुमच्यातल्या निम्म्या घरांत असाच एखादा वाद असेल.

म्हणून मी शोधायला निघालो. पहिला मुक्काम कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, गावची जन्म-मृत्यूची नोंदवही. गेल्या काही वर्षांत जातीच्या दाखल्यांसाठी ही बुकं सगळ्यांनाच आठवली आहेत. मोडी वाचणाऱ्याला जेवायला फुरसत नाही. चांगली गोष्ट आहे, माझी तक्रार एवढीच की लोक जातीच्या रकान्यावर बोट ठेवतात आणि पान उलटतात. अहो, त्याच ओळीत मरणाचं कारण लिहिलेलं असतं! १९१८ सालचा दिवाळीच्या आसपासचा काळ उघडून बघा. ताप, ताप, ताप, ताप. तान्ह्यापासून म्हातारीपर्यंत. ती इन्फ्लुएंझाची साथ. कोतवालाला तो शब्द ठाऊक नव्हता, त्यानं दिसलं ते लिहिलं. त्या पानांवर तुमच्या घरातलंही कोणी असेल. दाखल्याची प्रत काढताना तेवढं पान शेवटपर्यंत वाचा, हात जोडून सांगतो.

पण पणजोबा त्या बुकात नव्हते. असणारच नाहीत. गावाबाहेर मेलेल्या माणसाची नोंद गावचा कोतवाल कशाला करेल?

तिथं मी वर्षभर अडलो. मग एका निवृत्त तलाठ्यांनी एक वाक्य सांगितलं आणि आज मी त्या वाक्यासाठीच उभा आहे. ते म्हणाले, “माणूस कुठंही मरू दे, जमीन गावातच राहते.” म्हणजे फेरफार बघा. गाव नमुना ६. खातेदार गेला की वारस लागतो, आणि वारस लावायचा तर तो गेला हे लिहावंच लागतं.

एका कार्यालयातून मी त्या नोंदीची छायाप्रत घेतली. प्रत काढताना डावा समास कापला गेला होता. मी विचारलं, तर उत्तर मिळालं, मजकूर आलाय ना सगळा? पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा तोच कापलेला समास. तिसऱ्या खेपेला एका भल्या माणसानं माझ्यासमोर मूळ रुमाल, म्हणजे कागदांचं फडक्यात बांधलेलं गाठोडं, सोडला. फडक्याची गाठ इतकी जुनी की दातांनी सोडवावी लागली. सन १९१७ ची नोंद, मोडीत. खातेदार लढाईत मयत, वारस मुलगा अज्ञान, म्हणजे वयानं लहान, अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ती, आई. आणि पुढे पणजीचं नाव. आयुष्यात सरकारी कागदावर ते तेवढं एकदाच आलं असेल. समासात तलाठ्यानं पेन्शनचा कागद बघून टिपलं होतं, पलटण ११७, आणि पुढे नंबर. शाई फिकट, पण आकडे स्वच्छ. तो समास दोनदा कापला गेला होता!

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. दहा मिनिटं? पाच? बरं, भरभर सांगतो.

नंबर मिळाला की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेची, यादी संगणकावर फुकट उघडते. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ मधले मृत तिच्यात आहेत. आडनावाने शोधू नका. शिंदेचं सिंदे होतं, जाधवचं जादो, काहींना आडनावच नसतं. पलटण धरा, मग बापाचं नाव, मग गाव-तालुका. आपल्या शिपायांच्या नोंदीत पुष्कळदा हे तिन्ही असतं.

कबर शोधू नका. हिंदू शिपायांना शक्य तिथं अग्नी दिला, आणि जिथं पुरलं तिथंही हिशेब राहिला नाही. इराकमध्ये अमारा इथं डाव्या काठावरच्या भारतीय स्मशानभूमीत सुमारे ५,००० जण आहेत, त्यांतल्या फक्त ९ जणांची ओळख पटलेली आहे. बसऱ्याचं स्मारक चाळीस हजारांहून जास्त जणांचं. त्यावर गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं, आपल्या साध्या शिपायांचे मात्र पलटणीवार नुसते आकडे. नावं वहीत गेली. २०२१ साली कमिशननं हा भेदभाव स्वतः कबूल केला. मला याचा राग येतो, आणि तो येत राहावा असंच मला वाटतं.

आता आमचे पणजोबा. यादीत त्यांच्या नावाची, त्याच तालुक्याची दोन माणसं निघाली. एक ११० चा, तो कूत पडल्यावर कैदेत गेला आणि १९१६ च्या उन्हाळ्यात वारला. दुसरा ११७ चा, समासातला नंबर तोच. मृत्यू २२ नोव्हेंबर १९१५. वेढा पडायच्या दोन आठवडे आधी! जागा सलमान पाक, बगदादच्या खाली, जिथं ती प्रचंड जुनी कमान उभी आहे. टाउनशेंडच्या फौजेनं रात्रभर चालून पहाटे हल्ला केला. चार हजारांहून जास्त मेले-जखमी झाले. तीन दिवसांनी फौज मागे फिरली आणि मेलेले तिथंच राहिले. मी पंचांग मागे नेऊन बघितलं. आदली रात्र त्रिपुरी पौर्णिमेची. इकडे पणजीनं देवळात वाती लावल्या असतील.

काका हे ऐकायला होते. यंदा आम्ही चतुर्दशीला पान वाढलं.

आणि उपाशी राहिल्याची ती गोष्ट, ती बहुधा त्या ११० च्या माणसाची. गावात नाव एकच, गोष्ट आमच्या घरात येऊन राहिली. त्याच्या बायकोचीही फेरफार नोंद मी त्याच रुमालात वाचली. वारस कोणी नाही, जमीन दिराच्या नावावर. पुढे ती कुठं गेली, कागदात नाही. तिच्या माहेरचं कोणी या खोलीत असू शकतं. वाडी कोरेगाव तालुक्यातली आहे, नाव मी इथं माईकवर घेत नाही. ज्यांच्या घरी बसऱ्याची गोष्ट आहे त्यांनी जाऊ नका, खाली थांबा. मी दोन्ही नंबर लिहून आणलेत.