आजच्या अंगाचं माप

(ठाण्यात नौपाड्यातील ज्येष्ठ नागरिकांसमोर एका वेशभूषाकार बाईंनी दिलेल्या व्याख्यानातून)

मंडळी, गडकरी रंगायतन इथून जवळ आहे, म्हणून गडकऱ्यांच्या सिंधूपासूनच सुरुवात करते. १९१९ साली ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं आणि बालगंधर्व सिंधू झाले. तोवर त्यांची ख्याती भरजरी शालूंची, अत्तरांची. त्यांचा अंबाडा, त्यांचा पदर पाहून घरंदाज बायका तशाच नटायच्या. पुरुषांमध्ये गंधर्व टोपी निघाली होती. आणि हाच माणूस ठिगळं लावलेलं जुनेर नेसून उभा राहिला, तरी लोकांची नजर त्यांच्यावरून हटेना. माझी हयात नाटकाचे कपडे शिवण्यात गेली. कुणी मला ‘स्टाइल म्हणजे काय’ विचारलं, की मी त्या जुनेराकडे बोट दाखवते.

पण कीर्ती माणसाला एका वयात डांबून ठेवते. बालगंधर्वांचा जन्म १८८८चा. १९३५मध्ये ‘प्रभात’च्या चित्रपटात ते संत एकनाथ झाले, पुरुषाच्या वेशात. वयाला साजेशी वाट समोर उघडली होती. तरीही ते पुन्हा स्त्रीभूमिकांकडे वळले, आणि अंग जड झालं, आवाज थकला, तरी करत राहिले. याचा दोष मी त्यांना देणार नाही. डोक्यावर कर्ज होतं, आणि समोरच्यांना ‘मानापमान’ नाटकातली तीच जुनी भामिनी हवी होती. त्यांना म्हातारं होऊ दिलं नाही ते प्रेक्षकांनी, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

दुर्गाबाई खोटे मात्र पुढे सरकल्या. १९३२मध्ये पडद्यावर ‘अयोध्येचा राजा’तली तारामती, १९६०मध्ये ‘मुघल-ए-आझम’मधली सलीमची आई जोधाबाई. पंचावन्नाव्या वर्षी त्या आईच्या वेशात उभ्या राहिल्या आणि पडदा भरून गेला.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे प्रसिद्ध? आहात की! प्रत्येकीचा एक प्रेक्षकवर्ग असतो. नणंदा, जावा, ऑफिसातल्या मैत्रिणी. ‘तुला तो मोरपंखी रंग काय खुलायचा गं!’ एवढं कुणी म्हटलं की आपण राम मारुती रोडवर जाऊन वीस वर्षांपूर्वीचाच रंग आणि वीस वर्षांपूर्वीचंच माप मागतो.

म्हणून थोडं ब्लाउजविषयी बोलते, कारण फजिती तिथेच होते. वय वाढलं की मणक्यांमधल्या चकत्या झिजतात, पाठ जराशी झुकते, खांदे पुढे येतात. मग ब्लाउज मागून वर सरकतो आणि पुढे गळ्याखाली कापड गोळा होतं. बाई म्हणते, ‘मी सुटले.’ कितीदा तरी घेर तोच असतो, उंची तेवढी बदललेली असते. टेलरला सांगा, पाठीची उंची अर्धा-पाऊण इंच वाढव, पुढची थोडी कमी कर, खांद्याची शिवण जरा पुढे घे. मुंढा, म्हणजे बाही जोडायचा काखेचा काप, मात्र खोल करू देऊ नका, नाहीतर हात वर केला की अख्खा ब्लाउज वर येतो. मागचे हूक पुढे आणा. खांदा आखडला की हात पाठीमागे पोचत नाही आणि रोज सकाळी सुनेला हाक मारावी लागते. ते मनाला फार लागतं. बोटं दुखत असतील तर मोठी टिचबटणं लावा. आणि आत माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, भरपूर सोडायला सांगा, अंग पुन्हा बदलणारच आहे.

केसांचं विचाराल, तर रंगवा किंवा पांढरे ठेवा, ज्याची त्याची आवड. फक्त रंगवणार असाल तर पाकिटावर लिहिलेली त्वचेची चाचणी आधी करा. बऱ्याच काळ्या रंगांत पीपीडी नावाचं रसायन असतं, वर्षानुवर्षं वापरूनही एखाद्या दिवशी त्याची ॲलर्जी उठू शकते.

वापरात नसलेल्या जरीच्या साड्यांबद्दल मघाशी एकींनी विचारलं. नेसा! मंगळवारी दुपारी भाजी आणायला जाताना नेसा. पेटीत ठेवलेली जरीची साडी घडीवरच चिरते, त्यापेक्षा ती अंगावर विरलेली बरी.

ज्यांनी ब्लाउज सोबत आणलेत त्यांनी थांबा. पाठीची उंची मानेखालच्या उंच मणक्यापासून घ्यायची असते, टेप कशी धरायची ते दाखवते. हे माप स्वतःचं स्वतःला घेता येत नाही, तेव्हा शेजारच्या बाईंनाही उठवा.