दिवस गेले, म्हणजे नेमके किती?

(तालुक्याच्या गावी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेलं भाषण. लिहून काढताना थोडी काटछाट केली आहे.)

बसा, बसा. मागे दाराशी उभे असलेले दादा लोक, तुम्हीही आत या. आजचा विषय तुमचाही आहे.

आत येताना तिळगूळ मिळाला. दरवर्षी या कार्यक्रमात मी एक गोष्ट बघते. एखादी नवी सून वडी घेते, गोड हसते आणि तोंडात टाकायच्या ऐवजी हळूच रुमालात गुंडाळते. कुणी विचारलं तर म्हणते, दात दुखतोय. मला कळतं काय दुखतंय ते. तीळ उष्ण, खाल्ला तर पोट पडेल, असं तिला कुणीतरी सांगितलेलं असतं. ही बातमी अजून घराबाहेर गेलेली नसते, म्हणून खरं कारण सांगताही येत नाही. आज मी त्या मुलीसाठी बोलणार आहे. यंदा ती इथे आहे की नाही, हे मी शोधणार नाही. तुम्हीही शोधू नका, माना वळवू नका.

आपल्याकडे म्हणतात, 'तिला दिवस गेले.' मला हा शब्द फार आवडतो, कारण तो हिशेबाला पक्का आहे. किटवर दुसरी रेघ उमटते तेव्हा बरेच दिवस खरोखर गेलेले असतात. केसपेपरवर आमचा पहिला प्रश्न असतो, शेवटची पाळी कधी आली? त्या पाळीचा पहिला दिवस तोच गरोदरपणाचा पहिला दिवस. गंमत म्हणजे त्या दिवशी पोटात काहीच नसतं. पाळी २८ दिवसांची असेल तर साधारण १४व्या दिवशी बीज सुटतं, गर्भनलिकेत त्याची शुक्रजंतूशी गाठ पडते, पुढे पाच-सहा दिवस तो एवढासा गोळा नलिकेतून सरकत गर्भाशयात येतो आणि अस्तरात रुजतो. रुजला की एचसीजी नावाचं संप्रेरक तयार व्हायला लागतं, आणि किटवरची रेघ त्याचीच. म्हणून पाळी चुकली त्या दिवशी आम्ही म्हणतो चार आठवडे झाले, पण गर्भाचं खरं वय असतं दोन आठवडे.

हे दोन आठवडे मी हसत सांगतेय, पण यांनी संसार मोडायची वेळ आणलेली मी पाहिली आहे. आपल्या भागातली कितीतरी मुलं सैन्यात आहेत. असाच एक जवान सुट्टीवर आलेला, बायकोला घेऊन माझ्याकडे आला. रिपोर्टवर सहा आठवडे. तो गप्प झाला. बायको आत कपडे सावरत होती, तेवढ्यात त्यानं खालच्या आवाजात विचारलं, 'मॅडम, मी घरी येऊन चारच आठवडे झालेत. हे सहा कुठून आले?' मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. तिच्या पाळीच्या तारखेवर बोट ठेवलं, चौदा घरं मोजली, तर बोट तो आला त्याच आठवड्यात येऊन थांबलं. त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. त्यानं विचारलं हे बरंच झालं. न विचारता गेला असता तर? तेव्हापासून मी प्रत्येक नवऱ्याला हा हिशेब न विचारता सांगते.

शेवटच्या पाळीपासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे. आमच्या पुस्तकातला नियम नऊ महिने सात दिवसांचा आहे. आपल्या आज्या नऊ महिने नऊ दिवस म्हणायच्या. दोन दिवसांनी चुकल्या, तेवढं चालतं.

आता मुद्द्याचं बोलते. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून तयार होतात, ती नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत मिटते. आमच्या हिशेबानं सहावा आठवडा. आपल्याकडे काय होतं? पाळी चुकते, आठवडाभर वाट बघतात, मग किट आणतात, मग घरात सांगायचं कसं यात पंधरा दिवस जातात, मग चांगला वार बघून दवाखान्यात येतात. तोवर नववा-दहावा आठवडा. नळी मिटून महिना होत आला, आणि मी लिहून देते फॉलिक अॅसिड! द्यायलाच हवं, बाराव्या आठवड्यापर्यंत चालू ठेवायचं असतं. पण तिचं मोठं काम होतं ते आधीच. ती गोळी, रोज ४०० मायक्रोग्रॅम, मूल हवं असं ठरवलं त्याच महिन्यापासून घ्यायची. मी एकदा म्हटलं होतं की रुखवतात चिरोटे-करंज्यांशेजारी फॉलिक अॅसिडची पाकिटंही मांडा. लोक हसले. मांडली कुणीच नाहीत. ज्यांच्या आधीच्या बाळाच्या मणक्यात दोष होता, त्यांना याच्या जवळजवळ दहापट डोस लागतो, तो डॉक्टरांना विचारून.

औषधांचंही तसंच. फिटची काही औषधं, चेहऱ्यावरच्या मुरुमांच्या काही गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या या आठवड्यांत बाळाला बाधतात. पण ऐका, याचा अर्थ कळल्याबरोबर स्वतःच्या मनानं गोळ्या बंद करायच्या, असा नाही. फिट आली तर आई आणि बाळ दोघंही संकटात. थायरॉईडची गोळी तर मुळीच थांबवायची नाही, उलट बऱ्याचदा वाढवावी लागते. चिठ्ठी घेऊन या, बदलायचं ते आम्ही बदलून देऊ.

आणि मिश्री. इथे बसलेल्या कितीजणी लावतात ते मी विचारत नाही, दात बघून कळतं. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता, २००४ साली प्रसिद्ध झाला. बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरलं, आणि दिवस भरायच्या आधी बाळंत होण्याचं प्रमाणही वाढलं. तिळाच्या वडीला घाबरणाऱ्या घरात सकाळी मिश्रीची डबी मात्र हातोहात फिरते.

बरं, या दिवसांत वाटतं कसं? झोप. दुपारी भाकरी थापता थापता डोळे मिटतात. छाती जड होते, दुखते. लघवीला सारखं जावं लागतं, पोट साफ होत नाही. यातलं बरंचसं वाढलेल्या संप्रेरकांचं काम आहे, आळशीपणाचं नाही. काहीजणींना यातलं काहीही होत नाही, त्याही घाबरून येतात.

मळमळ साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्याच्या आसपास जोरात असते आणि बहुतेकींची चौदाव्या-सोळाव्यापर्यंत ओसरते. फोडणीचा वास, नवऱ्याच्या साबणाचा वास, कुकरची वाफ, काहीही पुरतं. सासूबाई म्हणतात, 'आम्ही नाही का काढले दिवस, शेतात राबून?' काढलेत, खरं आहे. पण उलटी ही सगळ्यांना सारखी नसते. २०२३च्या अखेरीला एक संशोधन आलं. जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक गर्भाकडून आईच्या रक्तात येतं, आणि जिच्या शरीराला त्याची आधीपासून सवय कमी, तिला त्रास जास्त. थोडक्यात, सून नाटक करत नाही. रात्री उशाशी लाह्या नाहीतर कुरमुरे ठेवा, उठण्याआधी अंथरुणातच दोन घास खा. दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं खा. आल्याचा तुकडा चालतो. त्यानं भागलं नाही तर सुरक्षित गोळ्या आहेत, मागायला लाजू नका. पाणीही पोटात ठरेना, लघवी गडद आणि कमी झाली, वजन उतरायला लागलं, तर मात्र त्याच दिवशी सलाईनसाठी या.

आता त्या गप्प बसण्याबद्दल. तीन महिने कुणाला सांगायचं नाही. आपल्याकडे त्यासाठी विधीसुद्धा आहे, चोरओटी. काही भागांत चोरचोळी म्हणतात. घरातल्या घरात, गाजावाजा न करता भरायची. मला ती आवडते, खोटं कशाला बोलू? चार जवळच्या बायकांना तरी कळतं. पण ही चोरी का पडली असेल? कारण जुन्या बायकांना ठाऊक होतं की या दिवसांत बरेचदा पोट पडतं. ज्या गरोदरपणाची खात्री झालेली असते, त्यांतलीही शंभरात दहा ते वीस अशी जातात, आणि बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच.

आपल्या भाषेत एक काना फार घातकी आहे. पडणं आणि पाडणं. 'तिचं पोट पडलं' आणि 'तिनं पोट पाडलं'. बोलताना एवढासा फरक, आणि सगळा दोष बाईच्या अंगावर येतो. गर्भपात हा शब्द तर दोन्हीला एकच.

मी शिकत होते तेव्हा सातव्या आठवड्यात माझंही पडलं. रात्रपाळी होती. मी कुणाला सांगितलेलंच नव्हतं, मग रजा कशाची मागणार? दुसऱ्या दिवशी ओपीडीत बसले. घरी कळल्यावर एका नातेवाईक बाईंनी पहिला प्रश्न विचारला, 'काय उचललंस गं?' मी डॉक्टर. कारण मला पाठ होतं. तरीही रात्रभर मी आठवत राहिले, मी काय उचललं होतं.

कारण सांगते. पहिल्या तीन महिन्यांत पडलेल्या गर्भांपैकी निम्म्या किंवा त्याहून जास्त गर्भांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. ती चूक बहुतेकदा बीज किंवा शुक्रजंतू तयार होतानाच झालेली असते. हंडा उचलल्यानं, स्कूटरवर बसल्यानं, जिना चढल्यानं नव्हे. महिनाभर खाटेवर निजवून ठेवल्यानं ती चूक सुधारत नाही. कच्च्या पपईच्या चिकात गर्भाशय आकुंचन पावेल असे घटक आहेत, तेव्हा कच्च्या पपईची भाजी राहू द्या. पिकलेल्या पपईची फोड खाल्ली म्हणून कुणाचं काही गेलेलं नाही.

थोडं अंगावरून जाणं, डाग दिसणं हे सुरुवातीला चारात एकीला होतं, आणि त्यांतल्या पुष्कळजणींचं पुढे सगळं नीट होतं. तरी दाखवून घ्या. पण एक चित्र लक्षात ठेवा. पाळी पाच-सहा आठवडे झाली नाही, ओटीपोटात एका बाजूला कळ, चक्कर, घाम, आणि खांद्याच्या टोकाला दुखतंय. खांदा आणि पोट याचा काय संबंध, असं वाटेल. गर्भ नलिकेतच रुजला असेल आणि नलिका फुटली, तर पोटात रक्त साचतं आणि ते वरच्या पडद्याला टोचतं, म्हणून खांदा दुखतो. अशा वेळी ओवा-सोडा देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजले असतील तरी १०८ला फोन.

ज्यांचा रक्तगट निगेटिव्ह आहे आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह, त्यांचं पोट पडलं तरी डॉक्टरांना रक्तगट सांगा. अँटी-डीचं इंजेक्शन लागेल का, ते तेव्हाच ठरवावं लागतं.

सोनोग्राफी. सहाव्या आठवड्याला बाळ साबुदाण्याच्या दाण्याएवढं असतं आणि त्यात ठोका लुकलुकताना दिसू शकतो. आठव्याला राजम्याएवढं. पाळी अनियमित असेल तर तुमच्या तारखेनं आठ आठवडे आणि मशीनवर सहा, असं होतं, ठोका दिसत नाही. लगेच रडू नका, लगेच पिशवी धुवायलाही तयार होऊ नका. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा बघायचं. पुढची महत्त्वाची तपासणी अकरा ते चौदा आठवड्यांच्या मधली. आणि 'मॅडम, काय आहे?' हा प्रश्न डोळ्यांनीही विचारायचा नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा आपल्याच राज्यानं केला, १९८८ साली. केंद्राचा १९९४चा. तो आपल्याला आधी करावा लागला, यात मिरवण्यासारखं काही नाही.

चिठ्ठीवर एक प्रश्न आलाय, मागून, पुरुषाच्या अक्षरातला. 'आम्ही काय करायचं?' छान. दोन महिने फोडणी तुम्ही द्यायची. तिला घराबाहेर बसवा आणि तुम्ही मोहरी तडतडवा. तंबाखू, विडी बंद, निदान घरात तरी. आणि तपासणीला बरोबर यायचं, गाडीवर सोडून चौकात थांबायचं नाही.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. बारा आठवड्यांच्या आत आशाताईंकडे नाव नोंदवा, त्यांच्याकडे निश्चय किटही फुकट मिळतं. पहिल्या वेळी रक्त तपासतात, हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही, कावीळ. येताना उपाशी येऊ नका, रांगेत चक्कर येते. जुने कागद आणा. आणि पाळीची तारीख 'एकादशीच्या आसपास' अशी सांगू नका. एकादशी महिन्यात दोनदा येते. कॅलेंडरवर गोल करा आणि त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, नवऱ्याच्यासुद्धा.