न लिहिलेला क्रम: पॅरलल बिल्ड अधूनमधून का फसतं?

(दृश्य: काळ्या टर्मिनलवर भराभर सरकणाऱ्या कंपाइलच्या ओळी)

१९७०च्या दशकातली बेल लॅब्ज ही अमेरिकेतली संशोधन संस्था. तिथले प्रोग्रॅमर स्टीव्ह जॉन्सन यांची अख्खी सकाळ एक बग शोधण्यात गेली. बग त्यांनी आधीच दुरुस्त केला होता, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल, म्हणजे यंत्राच्या भाषेत रूपांतरित, झाली नव्हती! ते तणतणत सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्याकडे गेले. त्यातून १९७६ मध्ये ‘मेक’ जन्माला आलं: फाइलींपासून प्रोग्रॅम बनवण्याचं, म्हणजेच बिल्डचं, काम सांभाळणारं साधन. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे ते मेकफाइलमध्ये लिहायचं. मेक फाइलींच्या वेळा तपासतं आणि लागेल तेवढंच पुन्हा बनवतं.

तेव्हा कामं एकामागून एक व्हायची. आज साध्या लॅपटॉपलाही आठ कोअर असतात. मेकला ‘जे’ हा पर्याय देऊन पुढे आठ लिहिलं, की आठ कामं एकदम सुरू होतात. हेच पॅरलल बिल्ड. आठ कामं सुरू करणं सोपंच आहे. कोणतं काम कोणासाठी थांबायला हवं, ही माहिती मात्र मेकफाइलमध्ये पुरती लिहिलेलीच नसते.

(दृश्य: मेकफाइलमधल्या दोन ओळी, शेजारी दोन घड्याळं)

समजा, एक स्क्रिप्ट बिल्डच्या वेळी एक हेडर फाइल, म्हणजे इतर फाइलींना लागणाऱ्या घोषणांची फाइल, तयार करते. हे हेडर मेन.सी या सी भाषेतल्या फाइलमध्ये वापरलं आहे, पण तसं मेकफाइलमध्ये कोणी लिहिलं नाही. एकेरी बिल्डमध्ये मेक यादी डावीकडून उजवीकडे घेतं, म्हणून हेडर आधी तयार होतं आणि वर्षानुवर्षं सगळं सुरळीत चालतं. पॅरलल बिल्डमध्ये दोन्ही कामं एकदम सुटतात. हेडर सापडलं नाही तर बिल्ड तिथेच थांबतं, आणि ते बरंच म्हणायचं. खरा घात होतो तो जुनं हेडर डिस्कवर पडलेलं असतं तेव्हा. बिल्ड यशस्वी दिसतं आणि चुकीचा प्रोग्रॅम बाहेर पडतो. अशा वेळी ‘परत एकदा चालवून बघ’ हा सल्ला सर्रास दिला जातो. दुसऱ्यांदा हेडर तयार असतं, बिल्ड पार पडतं, आणि दोष तसाच राहतो.

बायसन या प्रोग्रॅमचं उदाहरण आणखी बोलकं आहे. तो पार्सर, म्हणजे मजकुराची रचना ओळखणारा कोड, तयार करून देतो. त्याच्या एकाच धावेत पार्सरची सी फाइल आणि हेडर, दोन्ही तयार होतात. मेकच्या नेहमीच्या नियमात मात्र ती दोन स्वतंत्र लक्ष्यं ठरतात. त्यामुळे बायसन एकाच वेळी दोनदा सुरू होतो आणि दोघेही त्याच फाइलींवर लिहितात. ‘ही दोन्ही एकाच धावेत बनतात’ असं नेमकं सांगायची सोय ग्नू मेक या मेकच्या आज प्रचलित असलेल्या अवतारात २०२० साली, ४.३ आवृत्तीत आली.

(दृश्य: एका मेकमधून फुटणाऱ्या अनेक मेकच्या फांद्या)

मोठ्या प्रकल्पांत प्रत्येक फोल्डरसाठी वेगळं मेक चालतं. प्रत्येकाने आठ कामं काढली तर आठाचे चौसष्ट होतात. यावर ग्नू मेकने जॉबसर्व्हर आणला: एक पाइप, म्हणजे प्रोग्रॅममधली माहितीची नळी, आणि त्यात मोजून ठेवलेले बाइट. नवं काम सुरू करायचं तर एक बाइट उचलायचा, काम संपलं की परत टाकायचा. प्रत्येक मेकला स्वतःचं एक काम मोकळं असतं, म्हणून आठ कामांसाठी पाइपमध्ये सातच बाइट. अतिशय देखणी रचना! पण एखादी प्रक्रिया बाइट परत न करताच मेली, तर तेवढा वेग त्या बिल्डपुरता गेलाच.

२०२० मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कर्नलमधलं, म्हणजे गाभ्यातलं, पाइपचं वागणं बदललं. एका बाइटसाठी थांबलेल्या सगळ्यांना उठवण्याऐवजी आता एकालाच उठवलं जातं. याचा मोठा फायदा जॉबसर्व्हरला झाला, पण जुन्या मेकमधला एक दडलेला दोषही त्यामुळे उघडा पडला.

मेमरीचा हिशेब हे बाइट ठेवत नाहीत. छोटी सी फाइल कंपाइल करणं आणि एलएलव्हीएम या कंपाइलर-संचासारखा अवाढव्य प्रकल्प लिंक करणं, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणं, दोन्ही त्यांच्या लेखी एकेक कामच. म्हणून एलएलव्हीएममध्ये एका वेळी किती लिंक चालतील, याची मर्यादा वेगळी घालता येते.

(दृश्य: उलटसुलट होणारी फाइलींची यादी)

२०२२ च्या ४.४ आवृत्तीत ग्नू मेकला ‘शफल’ हा पर्याय मिळाला. तो यादीचा क्रम मुद्दाम पिसतो, म्हणजे न लिहिलेलं अवलंबन लवकर उघडं पडतं. हा क्रम एका आकड्यावरून ठरतो. बिल्ड फसलं तर त्रुटीच्या संदेशात तो आकडाही छापला जातो, आणि तोच आकडा देऊन नेमका तोच क्रम पुन्हा चालवता येतो. रात्रीच्या स्वयंचलित बिल्डला हा पर्याय जरूर लावावा.