पहिली लोंबी

(दृश्य: पहाट, भातशेत, लोंब्यांवर दव)

ऑक्टोबरचा पहिला रविवार. मुंबईच्या उत्तर टोकाला, खाडीपल्याडच्या गोराई-मनोरीत भात पिकलंय. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई परिसरातल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाचा आज आगेरा, नव्या पिकाचा सण. लॅटिनमध्ये आगेर म्हणजे शेत, नाव तिथूनच आलं. पहिल्या पिकाचा मान देवाचा.

विळा फिरतो. मूठभर लोंब्यांची जुडी बांधली जाते. लाल लुगड्यातल्या आजी ती दोन्ही हातांनी धरतात, तान्हं मूल धरावं तशी. पुढे बँड, मागे सगळं गाव, आणि वाट थेट चर्चकडे.

(दृश्य: वेदीसमोर जुड्या, फादर पवित्र पाणी शिंपडतात)

इथं जरा थांबू. एक थेंब कुसळाला लटकून राहिलाय. देवाचा आशीर्वाद तो हाच का? पण पीक तर आधीच आलं होतं. पाऊस पडून गेला, दाणा भरला. जे मिळालं ते देवाकडूनच मिळालं, एवढं सांगायला ही माणसं त्याच्या दारी आली आहेत.

ही रीत फार जुनी. बायबलमध्ये, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात, शेतकऱ्यानं पहिलं पीक टोपलीत घालून याजकापुढे ठेवायचं असतं. आणि ठेवताना काय बोलायचं? आपला पूर्वज भटका होता, आपण मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होतो, देवानं आपल्याला सोडवलं. आपल्या मोठेपणाचा एक शब्दही नाही. मग तो आनंद आपल्यात राहणाऱ्या परक्यासोबतही करायचा. बायबलमधला मूळपुरुष अब्राहाम, त्यालाही देवानं आशीर्वाद दिला तो एकट्यापुरता नव्हता. त्याच्याद्वारे पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांना तो पोचायचा होता.

म्हणून भरलेलं कोठार पाहून ‘यांच्यावर देवाची कृपा आहे’ असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. लूकच्या शुभवर्तमानात येशू ‘धन्य’ म्हणतो ते दीनांना, भुकेल्यांना, रडणाऱ्यांना.

(दृश्य: शेताच्या कडेला उभ्या इमारती)

शेतं कमी होत चालली आहेत. काही गावांत लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात.

(दृश्य: स्वयंपाकघर)

घरी आजी नखानं साळ सोलतात. चार-पाच दाणे. ते नारळाच्या दुधातल्या पायसात पडतात. पातेलं अजून चुलीवरच आहे, आणि पहिली वाटी कुंपणापलीकडे गेलीसुद्धा.